धवळ्यांची चाल

मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे कोणतेही पुस्तक उघडावे, महदंबेचे नाव आरंभीच्या पानांतच भेटते. आद्य मराठी कवयित्री, श्रीचक्रधरांची शिष्या, ‘धवळे’ आणि ‘मातृकी रुक्मिणीस्वयंवर’ यांची कर्ती, इतकी ओळख करून दिली जाते. धवळे म्हणजे विवाहप्रसंगी म्हणावयाची गीते, अशी व्याख्या येते; चरणांची लांबी अनियमित आहे, असे एक वैशिष्ट्य नोंदविले जाते; आणि प्रकरण पुढे सरकते. परीक्षेत या विषयावर टीप विचारतात. टीप लिहिण्यासाठी गाणे म्हणून पाहावे लागत नाही, म्हणून ते कुणी म्हणून पाहतही नाही.

अकोल्याच्या अभ्यासकेंद्रावर रविवारी संपर्कसत्रे होतात. तेथे एका विद्यार्थिनीने मला धवळ्यांविषयी जो प्रश्न विचारला, तो प्रश्नपत्रिकेत कधी आलेला माझ्या पाहण्यात नाही. ती दिवसभर शिवणकाम करते आणि रात्री अभ्यासाला बसते. ‘बाई, हे गानं हाय नं? मंग याची चाल कोनती?’ असे तिने विचारले. मी सांगितले, की हस्तलिखितांत स्वरलेखन नाही. पोथ्यांनी शब्द राखले, चाल गळ्यांत होती. उत्तर बरोबर होते आणि तिने ते वहीत उतरूनही घेतले. पण ज्या गाण्यावर आपण गेली कित्येक वर्षे व्याख्याने देतो, ते एकदा तरी आपल्या तोंडून निघावे, ही इच्छा त्या दुपारपासून मला सोडीना. त्यात अमरावतीला माझ्या भावाच्या मुलीचे लग्न ठरले. मुहूर्त वैशाखाचा होता आणि दिवाळी नुकतीच आटोपली होती. ‘आत्या, मला काही देऊ नकोस, एक गाणं म्हण,’ असे तिने फोनवर सांगितले होते.

‘धवल’ म्हणजे शुभ्र, आणि शुभ्र म्हणून मंगल. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात धवल हा गीतप्रबंधाचा एक प्रकार सांगितला असून चरण चार, सहा किंवा आठ असतील त्याप्रमाणे त्याला कीर्ती, विजय आणि विक्रम अशी नावे दिली आहेत. गुजरातेत आजही ‘धोळ’ नावाची गाणी स्त्रिया म्हणतात. तो शब्द याच धवलापासून आला. म्हणजे महदंबेने हा प्रकार नव्याने घडविला नाही. लग्नघरी बायका जे म्हणत असत, तेच तिने उचलले आणि त्यात एक सलग कथा भरली. मराठीत पहिले कथागीत म्हणून काही दाखवावयाचे असेल, तर मी या धवळ्यांकडे बोट दाखवीन. पोवाडा त्यानंतर पावणेचारशे वर्षांनी आपल्या हाती लागतो.

प्रसंग असा घडला. श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्य आणि इतर शिष्यमंडळी रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत येऊन राहिली. गोविंदप्रभू वृद्ध झाले होते. त्यांचे वागणे लोकांना वेड्यापिशाचे वाटे, भक्तांना लीला वाटे. त्यांनी एकदा लग्नाची हौस धरली. भक्तांनी ती लीला मानून विवाहाचा घाट घातला आणि त्या विवाहात महदंबेने धवळे गायिले. हे साधारण १२८६-८७ च्या सुमाराचे. त्या वेळी पूर्वार्ध झाला आणि उत्तरार्ध पुढे रचला गेला, असे परंपरा सांगते. कथा तिने निवडली ती श्रीकृष्ण आणि रुक्मिणी यांच्या विवाहाची. रुक्मिणीचे माहेर कौंडिण्यपूर, वर्धा नदीच्या काठी. ते आणि रिद्धपूर ही दोन्ही ठिकाणे आज अमरावती जिल्ह्यातच येतात. कौंडिण्यपुराहून आजही दर आषाढीला रुक्मिणीची पालखी पंढरपुरास जाते. वऱ्हाडात रुक्मिणी ही आपल्याकडची लेक मानली जाते. रिद्धपूरच्या मांडवात ती कथा ऐकणाऱ्यांना दूरच्या पुराणातली वाटली नसावी. शेजारच्या गावच्या मुलीचे लग्न ऐकावे तशी ती त्यांनी ऐकली असेल.

आणि ते गाणारी स्त्री बालविधवा होती. ही माहितीही प्रत्येक पुस्तकात असते. महदंबेच्या चरित्रात ती पहिल्या परिच्छेदात येते आणि धवळ्यांची माहिती तिसऱ्या परिच्छेदात. दोन्हींच्या मध्ये तिची जिज्ञासा, तिचे श्रीचक्रधरांना सतत प्रश्न विचारणे, याचे वर्णन असते. पहिला आणि तिसरा परिच्छेद एकमेकांशेजारी ठेवून वाचावा, असे मला फार उशिरा सुचले. ते सुचावयास माझ्याच आयुष्यातले एक कारण झाले. माझे पती जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती.

गाणे मी आधी पेटीवर बसविण्याचा प्रयत्न केला. शाळकरी वयात ‘प्रवेशिका’पर्यंत गायन शिकले होते, तेवढ्या शिदोरीवर भूपाचे स्वर धरले. पहिला धवळा बसला. दुसऱ्यात एक चरण इतका लांब निघाला, की ताल संपला तरी शब्द शिल्लक राहिले; आणि त्याच्या पुढचा चरण इतका आखूड, की शब्द संपून ताल उरला. छापील प्रतीत हे नुसते दिसते. गळ्याला ते ठेच लागल्यासारखे जाणवते. शिवाय भाषा सातशे वर्षांपूर्वीची. अर्थ शब्दकोशाने कळतो, पण जिभेला वळण पडत नाही. आणि कथा लांब. एक धवळा म्हणून थांबता येत नाही, कारण दूत निघालेला असतो आणि तो द्वारकेला पोहोचल्याशिवाय गाणाऱ्याने उठणे बरे दिसत नाही.

अमरावतीला अंबागेटच्या आत आमचे जुने घर आहे. तेथे भावाच्या कुटुंबात माझी मोठी आई, म्हणजे थोरली काकू, राहते. ऐंशीच्या घरातली. अक्षरओळख नाही. एके काळी आमच्या आळीत तिच्या गाण्यावाचून हळद लागत नसे. मुहूर्तमेढ, तेलवण, रुखवत, विहिणीची थट्टा, प्रत्येकाचे गाणे तिच्याजवळ होते. मोठे बाबा वारले, त्याला सव्वीस वर्षे झाली. त्यानंतर तिने लग्नाचे गाणे म्हटले नाही. कुणी मनाई केली होती असे नव्हे. मनाई करावी लागत नाही, हेच या रूढीचे बळ आहे. हळदीच्या पाटाभोवती पाच सवाष्णी बसतात, सहावीने कोठे बसावे हे तिचे तिला कळते आणि ती स्वयंपाकघरात भाजीकडे पाहावयास जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाचे परिपत्रकही निघाले. त्या ठरावाचे मोल मला कमी वाटत नाही. पण पाटाशेजारची जागा परिपत्रक वाचून कुणी सरकून देत नाही, हेही मी चार वर्षे पाहत होते.

मी मोठ्या आईपुढे पुस्तक घेऊन बसले आणि म्हटले, की शब्द माझ्याकडे आहेत, चाल तुझ्याकडे आहे. तिने ऐकून घेतले.

‘लग्नाचं गानं हाय हे. माह्याकडून काहून शिकतं? सवाशिनीले पूस.’

मी तिला महदंबेची हकीकत सांगितली. लहानपणीच कपाळ पांढरे झाले, पुढे स्वामींच्या मागे निघाली, आणि देवाच्या लग्नात सगळ्यांदेखत तिनेच गाणे म्हटले. हे ऐकून ती विरघळेल असे मला वाटले होते. ती म्हणाली, ‘तिचा नवरदेव देव होता वं. तिले कोन काय म्हननार? आपल्या पोरीचा नवरदेव पुन्याले नोकरीले हाय.’

या उत्तरावर मला काही बोलता आले नाही. आजही त्याचे नीट उत्तर माझ्याजवळ नाही. पण मोठी आई व्यवहारी बाई आहे. थोड्या वेळाने तिनेच तोड काढली. ‘मांडव नाई, हळद नाई. मांगच्या खोलीत जातं हाय. दळनाचं गानं म्हनून म्हनीन. दळन्याले कोनाची बंदी नाई.’

जिन्याखालचे जाते ओढून काढले, पुसले, खुंटा ठोकून बसविला. त्या दिवसापासून दर दुसऱ्या शनिवारी मी अकोल्याहून सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरत असे आणि तेथून ऑटोने अंबागेटला येत असे. बडनेऱ्यापर्यंत दीड तास मिळे. मूर्तिजापूर येईपर्यंत मागचे पाठांतर, त्यानंतर पुढचे. शेजारच्या बायका पुटपुटणाऱ्या ओठांकडे पाहून जपजाप्य समजत आणि पाय आवरून जागा देत.

जात्यावर बसल्यावर मला प्रथम कळले, की चरण मोजावयाचे माप अक्षर नाही, फेरा आहे. दोघींनी खुंटा धरावा, एकीने ओढावा, दुसरीने लोटावा. एका फेऱ्यात जेवढे मावेल तेवढे म्हणावे. लांब चरण आला, की मोठी आई शब्द आवळून घेई आणि फेरा किंचित जड करी. आखूड चरण आला, की उरलेल्या जागेत ‘वं बाई’ किंवा ‘माय’ घाली आणि दगड आपल्या वेगाने फिरत राही. दाणे घालण्यासाठी हात मोकळा करावयाचा, तो चरणाच्या शेवटी. श्वासही तेथेच घ्यावयाचा. ‘अनियमित’ म्हणून आपण ज्याची नोंद करतो, ती कवयित्रीची ढिलाई नव्हे. गाणाऱ्या बाईसाठी ठेवलेली ती जागा आहे. ताणावयाचे कोठे आणि भरावयाचे काय, हे ती ऐन वेळी ठरविते. गेय ओवी आणि ग्रांथिक ओवी हा भेद आपण शिकतो. पहिलीला असे हात असतात आणि दुसरीचे हात बांधलेले असतात, असे मी आता वर्गात सांगते.

मोठी आई वाचू शकत नसल्याने शिकणे दोन्ही बाजूंनी झाले. मी एक धवळा वाचून दाखवावा, अर्थ सांगावा. तिने तो दोनतीनदा तोंडात घोळवावा. मग चाल लावून मला परत द्यावा. परत येताना त्यात बारीक बदल झालेले असत. एखादा अवघड शब्द तिच्या उच्चारात गोल होऊन येई. मी पुस्तकाप्रमाणे सुधारला, की ती निमूट सुधारून घेई, पण चेहऱ्यावर असे काही असे, की आपल्या घरात येऊन कोणी भांडी हलवितो आहे. कथेवर मात्र तिचे भाष्य अखंड चाले. भाऊ रुक्मी याने बहिणीचे लग्न शिशुपालाशी ठरविले आहे आणि तिने ब्राह्मणाहाती द्वारकेला निरोप धाडला आहे, येथे तिने जाते थांबविले.

‘पोरीनं सोताच सांगावा धाडला? कोनाले न पुसता?’

मी होय म्हटले. तिचे स्वतःचे लग्न चौदाव्या वर्षी झाले होते आणि नवरदेव तिने मांडवातच पहिल्यांदा पाहिला होता. ती काही वेळ खुंट्यावर हात ठेवून बसली. ‘बरं केलं,’ असे म्हणून तिने मूठभर ज्वारी आत टाकली आणि फेरा पुन्हा सुरू झाला. त्या दिवशी ती चरण नेहमीपेक्षा वरच्या सुरात म्हणत होती.

याच सुमारास मी आयर्लंडमधील जुन्या गायकीविषयी वाचत होते. तिला तिकडे ‘शॉन-नोस’ म्हणतात. अर्थ ‘जुनी रीत’. देशाच्या पश्चिमेला, कॉनेमारासारख्या भागात, आयरिश भाषा टिकून राहिली तेथे ही गायकीही टिकली. साथीला वाद्य नाही, ताल नाही. एकटा गळा लांबलचक कथागीत म्हणतो, आणि चरण ताणणे, वळविणे, मध्येच थांबणे सारे त्याच्या मर्जीवर. शिकणाऱ्यांना ते अतिशय कठीण जाते, कारण धरून चालावे असे ठेक्याचे काही नसते. तेथे एक प्रथा आहे. गाणारा डोळे मिटून गात असतो आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणी त्याचा हात हातात घेऊन गाण्याच्या ओघाबरोबर हळूहळू फिरवीत राहतो. मी हे मोठ्या आईला सांगितले. तिला त्यात नवल वाटले नाही. ‘तिकडं जातं नसन,’ ती म्हणाली.

पौषात एकदा मी रिद्धपूरला जाऊन आले. मोर्शी तालुक्यातले हे गाव. एसटीतून उतरल्यावर राजमठाकडे जाताना संत्र्यांच्या गाड्या भरताना दिसत होत्या. महानुभाव पंथाच्या पोथ्या शतकानुशतके सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या जात. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केल्यावर हे भांडार पंथाबाहेरच्या अभ्यासकांना खुले झाले. आता याच गावी मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. जेथे मराठी गद्य आकाराला आले आणि मराठीतली पहिली कवयित्री गायिली, तेथे ते असावे हे योग्यच. तेथील विद्यार्थी महदंबेवर टीप लिहिण्याआधी तिला म्हणून पाहतील, एवढीच अपेक्षा.

मठात एक वृद्ध तपस्विनी बसल्या होत्या. मी दंडवत प्रणाम केला, त्यांनी केला. माझ्या रिकाम्या कपाळाकडे त्यांची नजर गेली नाही, हे मला जाणवले. अशा गोष्टी जाणवावयाची सवय चार वर्षांत लागते. त्यांनी मला एक धवळा म्हणावयास सांगितले. मी जात्यावरच्या चालीत म्हटला. चालीबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, ‘शेवटचा स्वर गिळू नका. देवो म्हणा. देव नको.’

परतीच्या एसटीत मी तेवढेच एक घोळवीत आले. आपण आज ‘देव’ लिहितो आणि ‘देव्’ असे म्हणतो. शब्दाच्या शेवटी व्यंजनावर दार बंद होते. यादवकालीन मराठीत असे शब्द ‘ओ’कारान्त किंवा ‘उ’कारान्त असत. व्याकरणाच्या तासाला हे प्रथमेच्या प्रत्ययाचे प्रकरण म्हणून येते. गाताना कळते, की तो प्रत्यय म्हणजे सुराला टेकावयाची जागा आहे. शब्द उघडा राहतो, म्हणून स्वर त्यावर थांबू शकतो, खाली उतरू शकतो, पुढच्या शब्दाला धरू शकतो. पुढे बोलण्यातून तो अंत्य स्वर गेला. गाण्याला मात्र त्याची गरज होती, म्हणून बायकांनी त्या जागी ‘वं’ घातला, ‘माय’ घातले, ‘बाई’ घातले, असा माझा तर्क आहे. भाषाशास्त्राच्या कसोटीला तो किती उतरेल, हा भाग वेगळा. मोठ्या आईला ‘देवो’ सांगताच तिचे ‘वं बाई’ तेवढ्या चरणापुरते आपोआप गळून पडले, हे मी कानांनी ऐकले आहे.

चैत्र संपेपर्यंत वीस-बावीस धवळे बसले. आवाजाचे म्हणाल तर पन्नाशीनंतर तो जसा असतो तसा होता; वरच्या जागी किंचित फाटे. पाठांतरात कथा कामास आली. शब्द विसरला तरी रुक्मिणी या घडीला कोठे उभी आहे हे ठाऊक असले, की तो तिच्यामागून येतो.

लग्नाच्या तीन दिवस आधी हळद दळावयाची होती. ही दळणी नावापुरती असते. मूठभर हळकुंडे, पाच सवाष्णींचे हात, आणि गाणे. वहिनी मला बाजूला घेऊन बसली. ती वाईट बाई नाही, मुळीच नाही. माझ्या पतींच्या आजारपणात तीन महिने तिचा डबा आमच्या घरी येत असे. ती म्हणाली, ‘ताई, मला काही वाटत नाही. पण उद्या पोरीचं काही कमीजास्त झालं, तर लोक या दिवसाचं नाव काढतील. आणि तेव्हा मला वाटेल.’ ही भीती खोटी नव्हती. रूढीविरुद्ध भाषण करणे सोपे असते, आपल्या मुलीच्या आयुष्यावर पैज लावणे सोपे नसते. मी म्हटले, की मी मागे बसेन आणि कुणी सांगितले तरच म्हणेन.

जात्याला हळद-कुंकू लागले, आंब्याची पाने बांधली. सवाष्णींनी खुंटा धरला आणि मग नेहमीप्रमाणे कुणाला गाणे आठवेना. एकीने मोबाइलवर लावू का म्हणून विचारले. भाची जात्याशेजारीच पाटावर बसली होती. तिने मागे वळून सरळ म्हटले, ‘आत्या, सुरू कर.’ वहिनी काही बोलली नाही. तिने हळदीचे ताट उचलले आणि आपल्या मांडीवर घेतले, एवढेच.

मी भिंतीशी बसूनच सुरू केले. खुंटा माझ्या हाती नव्हता, त्यामुळे फेरा दुसऱ्यांच्या हातांकडे पाहून धरावा लागत होता, आणि त्या हातांना ही चाल ठाऊक नव्हती. दोन धवळे अडखळत गेले. दोघी जणी चहाचे पाहावयास म्हणून उठल्या. चहा ठेवावयाचाच होता की नाही, ते मी विचारले नाही. तिसऱ्यापासून हात सावरले. दूत निघाला, द्वारकेच्या वाटेला लागला. सहाव्या की सातव्या धवळ्यात तो लांब चरण आला, ज्याने पेटीवर माझा ताल मोडला होता. अर्ध्यावर श्वास संपला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडून ‘वं बाई’ आले, खालच्या सुरात, अगदी वेळेवर. मला श्वास घेता आला आणि उरलेला चरण मी पुरा केला. मोठी आई उंबऱ्याच्या आत होती. पुढेही ती बाहेर आली नाही. पण जेथे जेथे जागा रिकामी राहत होती, तेथे तेथे तिचा सूर येत गेला आणि शेवटच्या दोन धवळ्यांत सवाष्णींपैकी दोघी त्याला सूर मिसळू लागल्या.

तिसऱ्या दिवशीच्या प्रत्यक्ष हळदीला पाटाभोवती पाच सवाष्णीच होत्या. मी आणि मोठी आई मागच्या खोलीत आहेराच्या साड्या मोजत होतो. मुलाकडची मंडळी आली होती, बँड आला होता, कुणाला गाण्याची गरज नव्हती. साड्या मोजता मोजता ती म्हणाली, ‘तिसऱ्यात सूर खाली घेतला होता तू. वरच ठेवायचा. पोरीचा सांगावा हाय तो, लपवून कायले म्हनायचा?’ मी बरे म्हटले आणि साड्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागली.

आता उत्तरार्ध राहिला आहे. त्यातील भाषा मला पूर्वार्धापेक्षा किंचित सोपी वाटते. दिवाळीच्या सुटीत येईन असे मी कळविले होते. काल भाचीचा फोन आला. ती माहेरी आली आहे. मोठ्या आईने पाच किलो ज्वारी निवडून डब्यात भरून ठेवली आहे आणि पुस्तक विसरू नको असे बजावले आहे.